व्हेंटिलेटरवरचा रुग्ण दुसऱ्या हॉस्पिटलात हलवताना : रेस्पिरेटरी थेरपिस्टने काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावे

शहापूर-मुरबाडकडून ठाण्यात आणले जाणारे रुग्ण असोत किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या नर्सिंग होममधून वाशी-नेरुळच्या मोठ्या हॉस्पिटलात जाणारे असोत, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला हलवायचे म्हणजे भिंतीतला ऑक्सिजन आणि भिंतीतली वीज या दोन्ही गोष्टी मागे सोडून निघायचे असते. पुढचा तास-दोन तास त्याचा श्वास एका सिलिंडरवर, एका बॅटरीवर आणि सोबत बसलेल्या माणसाच्या लक्षावर चालतो. ते सोबतचे माणूस पुष्कळदा आपण, म्हणजे श्वासाची यंत्रे आणि उपचार सांभाळणारे रेस्पिरेटरी थेरपिस्ट, असतो. ठाण्यात ही कामे करताना मला एक गोष्ट वारंवार दिसली आहे. गाडी रस्त्याला लागल्यावर होणाऱ्या घोटाळ्यांपेक्षा खाटेपासून गाडीपर्यंतच्या दोनशे पावलांत होणारे घोटाळे जास्त असतात, आणि त्यांतले बरेचसे ऑक्सिजनचा हिशेब मिनिटांत न केल्यामुळे होतात. म्हणून नव्याने कामाला लागलेल्या थेरपिस्टसाठी, आणि रात्रपाळीला थेरपिस्ट नसलेल्या छोट्या हॉस्पिटलांतल्या सिस्टर-ब्रदरसाठी, मी हा क्रम लिहून काढते आहे.

रुग्ण हलवायचा की नाही हा निर्णय डॉक्टरांचा असतो आणि तो त्यांचाच राहिला पाहिजे. मात्र त्या निर्णयासाठी लागणारी माहिती आपल्याकडे असते. शंभर टक्के ऑक्सिजन आणि भरपूर पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत राखलेला दाब) देऊनही ज्याचे सॅच्युरेशन जेमतेम टिकते आहे, अशा रुग्णाच्या बाबतीत गाडीत काही बिघडले तर वाढवायला हातात काहीच शिल्लक नसते. ही गोष्ट निघण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगणे आपले काम आहे, मग समोर कितीही ज्येष्ठ डॉक्टर असोत आणि नातेवाइकांची कितीही घाई असो.

पहिला फोन

ज्या हॉस्पिटलात जायचे आहे तिथल्या आयसीयूला डॉक्टरांचा फोन झालेला असला, तरी आपण वेगळा फोन करावा. खाट खरोखर रिकामी आहे का, व्हेंटिलेटर लावून तपासून ठेवला आहे का, कोणत्या दाराने आत यायचे, स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट कोणती आणि ती धरून ठेवायला कोणी असेल का, एवढे विचारावे. त्यानंतर आपल्या रुग्णाची माहिती ठरावीक क्रमाने सांगावी: वय, उंची, आजार, श्वासनळीत घातलेल्या नळीचा नंबर आणि ती दातांपाशी किती सेंटिमीटरवर बांधली आहे, व्हेंटिलेटरचा मोड, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिली जाणारी हवा), रेट, पीप, ऑक्सिजनची टक्केवारी आणि शेवटच्या एबीजीचे (धमनीच्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे) आकडे. क्रम कायम तोच ठेवल्यास एखादी गोष्ट सांगायची राहिली तर आपल्याच लक्षात येते.

खाटेपाशी : टेप, नळी, कफ

माझ्या एप्रनच्या खिशात शिलाईचा टेप असतो. आडव्या रुग्णाची उंची डोक्यापासून टाचेपर्यंत मोजायला अर्धा मिनिट लागतो आणि फुप्फुसांचे आकारमान उंचीवर ठरते, वजनावर नाही. नव्वद किलोचा माणूस आणि साठ किलोचा माणूस सारख्याच उंचीचे असतील, तर त्यांना साधारण सारखाच श्वास लागतो. पुरुषासाठी उंचीतून १५२.४ वजा करून उरलेल्या सेंटिमीटरना ०.९१ ने गुणावे आणि त्यात ५० मिळवावे, स्त्रीसाठी ४५.५ मिळवावे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे हे अपेक्षित वजन सुमारे ६१.५ किलो येते आणि किलोमागे ६ मिलिलिटर धरल्यास टायडल व्हॉल्यूम सुमारे ३७० मिलिलिटर होतो. गाडीतल्या मशीनवर आधीच्या रुग्णाचे पाचशेचे सेटिंग तसेच राहून गेलेले मी पाहिले आहे, म्हणून हा हिशेब कागदावर लिहून मशीनला चिकटवून ठेवावा.

मग नळीकडे वळावे. मोठ्या माणसांत ती पुरुषांना दातांपाशी साधारण २३ आणि स्त्रियांना २१ सेंटिमीटरवर असते. आपल्या रुग्णाचा आकडा कोणता आहे तो पाहून लिहावा, कारण पुढे प्रत्येक उचल-ठेवीनंतर तोच पुन्हा पाहायचा आहे. हनुवटी छातीकडे झुकली की नळी खाली सरकते आणि मान मागे गेली की वर येते, त्यामुळे स्ट्रेचरवर घेताना मान सरळ राहील असे पाहावे. कफचे, म्हणजे नळीच्या आतल्या टोकाजवळच्या हवेच्या फुग्याचे, प्रेशर मापकाने तपासून २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दरम्यान ठेवावे. बोटाने फुगा दाबून "ठीक आहे" म्हणणे पुरेसे नाही. नळी बांधण्याची पट्टी लाळेने ओली झालेली असेल तर ती इथेच बदलावी, गाडीत बदलायला वेळही नसतो आणि जागाही. सक्शन करून घ्यावे, एका वेळी पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको. छातीत हवा-पाणी काढायची नळी असेल तर तिला जोडलेली बाटली छातीच्या पातळीखाली राहील याची व्यवस्था करावी आणि प्रवासात ती नळी चिमट्याने बंद करू नये. हलवताना सोयीचे पडते म्हणून कोणी तरी चिमटा लावतो आणि काढायचे विसरतो, असे होऊ देऊ नये.

यानंतरचा टप्पा घाईत सर्वांत आधी गाळला जातो. गाडीत वापरायचा व्हेंटिलेटर रुग्णाला खाटेवरच लावावा आणि किमान वीस मिनिटे ते अर्धा तास त्यावर ठेवावा. या काळात मशीनची वायर भिंतीतून काढून ते बॅटरीवर चालवावे. पडद्यावर बॅटरीचे चित्र पूर्ण भरलेले दिसते आणि दहा मिनिटांत ते अर्ध्यावर येते, अशी जुनी मशीन अनेक ठिकाणी आहेत. ते इथे कळले तर दुसरे मशीन मागवता येते. शक्य असेल तर या अर्ध्या तासाच्या शेवटी एबीजी करून घ्यावा आणि त्यातल्या कार्बन डायऑक्साइडची कॅप्नोग्राफच्या (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्याशी तुलना करून दोहोंतला फरक लिहावा. गाडीत एबीजी होणार नाही, कॅप्नोग्राफ मात्र असेल, आणि हा फरक माहीत असला की त्या एका आकड्यावरून बरेच समजते.

पीप दहा किंवा त्याहून जास्त असेल, तर मशीन बदलताना क्षणभर सर्किट (मशीनपासून रुग्णापर्यंतच्या नळ्या) सुटल्यानेसुद्धा फुप्फुसाचे काही भाग मिटतात आणि ते पुन्हा उघडायला बराच वेळ लागतो. रुग्ण पूर्ण भूल आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधावर असेल, तर डॉक्टरांना विचारून श्वास आत गेलेला असताना नळी कापड गुंडाळलेल्या चिमट्याने दाबून धरावी, सर्किट बदलावे आणि लगेच चिमटा सोडावा. जो रुग्ण स्वतः श्वास ओढतो आहे त्याला हे कधीही करू नये. भिंतीत तारेचे वेढे असलेली नळीही चिमट्यात धरू नये, ती चेपली की चेपलेलीच राहते.

ऑक्सिजनचा हिशेब

"सिलिंडर फुल आहे" या वाक्यावर विश्वास ठेवून निघू नये. सिलिंडर किती भरला आहे यापेक्षा तो या रुग्णाला किती मिनिटे पुरेल, हे काढावे.

आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळ्या रंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा असतो. स्ट्रेचरसोबत नेतो तो बी टाइप, त्याच्या आतली जागा साधारण १० लिटर असते आणि पूर्ण भरला की त्यात सुमारे १५०० लिटर वायू असतो. गाडीत पक्का बसवलेला किंवा हॉस्पिटलात ज्याला जम्बो म्हणतात तो डी टाइप, आतली जागा सुमारे ४६ लिटर आणि वायू सुमारे ७००० लिटर. हिशेब अगदी सोपा आहे: आतली जागा गुणिले काट्यावरचे प्रेशर. बी टाइपचा काटा १०० किलोवर (म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर १०० किलो) असेल तर आत सुमारे १००० लिटर आहेत. काटा पीएसआयमध्ये असेल तर त्या आकड्याला १४ ने भागले की किलो मिळतात. काटा पाहण्याआधी सिलिंडरची चावी उघडी असल्याची खात्री करावी आणि फ्लोमीटर थोडा सुरू करावा. चावी बंद असली तरी रेग्युलेटरमध्ये अडकलेल्या वायूमुळे काटा भरलेला दिसू शकतो आणि वायू वापरायला लागताच तो झपकन शून्यावर येतो.

आता रुग्णाचा खर्च काढू. वर धरलेला १६५ सेंटिमीटरचा रुग्ण घेतला, तर ३७० मिलिलिटर गुणिले मिनिटाला २२ श्वास, म्हणजे सुमारे ८ लिटर. त्यात मशीन स्वतःसाठी सर्किटमध्ये जो वायू सतत सोडत राहते तो मिळवावा. तो मशीनप्रमाणे बदलतो आणि मशीनच्या पुस्तकात दिलेला असतो, इथे ४ लिटर धरू. एकूण मिनिटाला १२ लिटर. खोलीतली हवा ओढून घेणाऱ्या मशीनवर साठ टक्के ऑक्सिजन असेल तर प्रत्यक्ष खर्च याच्या निम्म्याच्या आसपास येतो, पण मी हिशेब नेहमी शंभर टक्के धरूनच करते, कारण वाटेत टक्केवारी वाढवावी लागली तर तो वाढीव ऑक्सिजन आधीपासून मोजलेला असला पाहिजे.

काट्यावरचे शेवटचे ३० किलो कधीच मोजायचे नाहीत, ते राखीव. मग १०० किलोचा बी टाइप म्हणजे वापरायला ७०० लिटर, भागिले १२, म्हणजे अठ्ठावन्न मिनिटे. डी टाइपचा काटा १२० वर असेल तर ९० गुणिले ४६, म्हणजे ४१४० लिटर, आणि तो पावणेसहा तास पुरतो.

यावरून लक्षात येईल की गाडी चालू असताना ऑक्सिजन संपण्याची भीती तितकी नाही. अठ्ठावन्न मिनिटांचा तो छोटा सिलिंडर खरी अडचण करतो. खाट ते लिफ्ट, लिफ्ट ते गाडी, तिकडे गाडी ते आयसीयू, आणि मधे कुठे सीटी स्कॅनसाठी थांबलो तर तोही वेळ, हे सगळे त्याच्यावर असते. म्हणून बी टाइप नेहमी दोन न्यावेत आणि दुसऱ्याचा काटा पहिल्याइतक्याच काळजीने पाहावा.

रस्त्याच्या वेळेचा अंदाज मी दुप्पट धरते. कासारवडवलीहून वाशीला रात्री दोन वाजता पाऊण तासात पोहोचलेली गाडी संध्याकाळी सात वाजता माजिवड्यापर्यंतच तासभर घेते. गायमुखच्या घाटात एखादा कंटेनर बंद पडला, मुंब्रा बायपासवरून शिळफाट्यापर्यंत अवजड गाड्यांची रांग लागली, किंवा जोराच्या पावसात विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाणी साचले, तर ठरवलेला मार्गच बदलावा लागतो. ड्रायव्हरदादांशी निघण्याआधी बोलून दोन मार्ग ठरवावेत. वाटेत कोणत्या हॉस्पिटलात थांबता येईल, हेही तेव्हाच ठरवावे. विसर्जनाच्या दिवशी तर हे बोलणे झाल्याशिवाय रुग्णाला स्ट्रेचरवर घेऊच नये.

खाट ते गाडी

एका रात्री, ठाण्यातल्याच एका छोट्या हॉस्पिटलातून, मी पंचावन्न वर्षांच्या एका गृहस्थांना घेऊन निघाले होते. हिशेब केलेला होता, काटा एकशे दहावर होता. लिफ्टमध्ये स्ट्रेचर सरळ मावेना, म्हणून वॉर्डातल्या मामांनी ते बाहेर घेतले, तिरके केले, पुन्हा आत घातले. या सगळ्यात सहा-सात मिनिटे गेली आणि मला कुठून तरी बारीक फुसफुस ऐकू यायला लागली. काट्याकडे पाहिले तर तो सत्तरवर आला होता. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामधले वॉशर झिजलेले होते आणि स्ट्रेचर हलताना जोड किंचित सैल झाला होता. दुसरा सिलिंडर सोबत होता, त्यामुळे रुग्णाला कळलेही नाही. त्यांचा मुलगा मात्र माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. "ताई, काही झालं का?" त्याने विचारले. सिलिंडर बदलते आहे, असे मी त्याला सांगितले आणि बदलला. त्या रात्रीपासून माझ्या पिशवीत दोन नवी वॉशर आणि सिलिंडरची चावी फिरवायचा पाना कायम असतो.

म्हणून निघण्याआधी सिलिंडर असा जोडावा. चावी क्षणभर उघडून तोंडातली धूळ उडवून द्यावी, तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे नको. वॉशर डोळ्यांनी पाहावे, रेग्युलेटर बसवावा, चावी सावकाश पूर्ण उघडावी आणि पंधरा सेकंद शांत राहून कान द्यावा. वॉर्डात आवाज असेल तर हात जोडाजवळ नेऊन वारा लागतो का ते पाहावे. हाताला तेल, मलम किंवा ओले सॅनिटायझर असताना ऑक्सिजनच्या जोडाला हात लावू नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनपाशी तेलकट पदार्थ आणि सॅनिटायझरमधले अल्कोहोल पेट घेऊ शकतात. सिलिंडर रुग्णाच्या पायांमध्ये मोकळा ठेवायची सवय सगळीकडे आहे आणि ती वाईट आहे. तो स्ट्रेचरखालच्या कप्प्यात पट्ट्याने बांधावा.

आंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा, पिशवीत न ठेवता रुग्णाच्या उशाशी, रिझर्व्हायर (ऑक्सिजन साठवणारी पिशवी) आणि मास्कसह ठेवावी. पिशवीत लॅरिंगोस्कोप (घशात पाहून नळी घालायचे साधन, दिवा लावून पाहिलेले), आहे त्या नंबरची आणि एक नंबर लहान अशा दोन नळ्या, कफसाठी दहा मिलिलिटरची सिरिंज, सक्शनच्या नळ्या, जादा एचएमई (श्वासातली ऊब आणि ओलावा राखणारा) फिल्टर, स्टेथोस्कोप, कात्री आणि टॉर्च असावा. स्ट्रेचर उचलताना थेरपिस्टने फक्त एक काम करावे: एका हाताने नळी ओठांपाशी धरून ठेवावी. उचलण्याचा शब्दही आपणच द्यावा, म्हणजे चारही माणसे एकदम उचलतील. रुग्ण ठेवला की आधी छाती दोन्ही बाजूंनी हलते का, मग नळीचा आकडा, मग कॅप्नोग्राफची रेषा, मग काटा. प्रत्येक वेळी ठेवल्यावर हेच चार.

गाडीत

गाडीत शिरल्यावर मशीन गाडीतल्या मोठ्या सिलिंडरवर घ्यावे आणि छोट्याची चावी बंद करावी. हे विसरले तर छोटा सिलिंडर वाटेत हळूहळू रिकामा होतो आणि उतरताना लक्षात येते. मशीनची वायर गाडीतल्या सॉकेटला लावावी आणि चार्जिंगचा दिवा लागल्याचे पाहावे, नुसते सॉकेट असणे पुरेसे नाही. आपण रुग्णाच्या डोक्याकडे बसावे, पट्टा लावावा आणि तिथून नळी, मशीनचा पडदा व सिलिंडरचा काटा या तिन्ही गोष्टी मान न वळवता दिसतील अशी मांडणी करावी.

धक्क्यांमुळे आणि थंड बोटांमुळे चालत्या गाडीत सॅच्युरेशनचा आकडा फसवा असतो. कॅप्नोग्राफची रेषा त्या मानाने भरवशाची. दर श्वासाला चौकोनी ठोकळ्यासारखी रेषा उमटते आहे तोवर नळी श्वासमार्गात आहे. रेषा अचानक सपाट झाली, तर नळी निघाली किंवा सर्किट सुटले असेच धरून हालचाल करावी, मशीन बिघडले असेल अशी समजूत करून घेऊ नये. दर पंधरा मिनिटांनी सॅच्युरेशन, रेट, श्वासमार्गातले प्रेशर, कॅप्नोग्राफ आणि सिलिंडरचा काटा कागदावर लिहावा. काट्याचे आकडे एकाखाली एक लिहिले की आपला हिशेब आणि प्रत्यक्ष खर्च जुळतो की नाही, हे अर्ध्या तासातच कळते.

अलार्म वाजला आणि सॅच्युरेशन घसरू लागले, तर पहिली गोष्ट एकच: रुग्णाला मशीनपासून सोडवून आंबू बॅगने, पूर्ण ऑक्सिजनवर, हाताने श्वास द्यायचा. बॅग सहज दाबली जाते आहे आणि छाती उठते आहे, तर दोष मशीनमध्ये किंवा सर्किटमध्ये आहे आणि तो शोधायला आता वेळ मिळाला. बॅग जड लागते आहे, तर नळी दुमडली आहे का, रुग्ण ती चावतो आहे का, बेडक्याने ती भरली आहे का ते पाहावे आणि सक्शनची नळी घालून पाहावी. ती पुढे जात नसेल तर अडथळा नळीतच आहे. सक्शनची नळी सहज जाते, तरीही बॅग जड आहे आणि एका बाजूला हवा जात नाही, तर नळी खोल जाऊन उजव्या फुप्फुसात शिरली असेल, दातांपाशीचा आकडा ते लगेच सांगतो. आकडा जागेवर असेल आणि रक्तदाब कोसळत असेल, तर छातीत हवा साठली असण्याची शक्यता सोबतच्या डॉक्टरांना तत्काळ सांगावी, कारण तिथे सुई घालण्याचा निर्णय मिनिटांत घ्यावा लागतो. बॅग फारच हलकी लागते आणि छाती उठतच नाही, तर नळी बाहेर आली आहे किंवा कफचा फुगा फुटला आहे. नळी बाहेर आली असेल तर तीच आत ढकलायचा प्रयत्न करू नये. ती काढून मास्कने श्वास द्यावा आणि गाडी बाजूला थांबवायला सांगावी. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराच्या) रुग्णात आणखी एक कारण असते. श्वास पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास आत जात राहतो, छाती फुगत जाते आणि रक्तदाब पडतो. तिथे सर्किट सोडून काही सेकंद नुसता उच्छ्वास होऊ द्यावा, मग सावकाश, मिनिटाला आठ-दहा इतक्याच गतीने बॅग दाबावी.

हाय फ्लोवरच्या, म्हणजे नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन घेणाऱ्या, रुग्णांबद्दल थोडक्यात. मिनिटाला पन्नास लिटर प्रवाह आणि साठ टक्के ऑक्सिजन म्हणजे सिलिंडरमधून मिनिटाला सुमारे २५ लिटर जातात, शिवाय ही मशीन बहुधा बॅटरीवर चालत नाहीत. अशा रुग्णाला निघण्यापूर्वी अर्धा तास रिझर्व्हायर मास्कवर किंवा बायपॅपवर (मास्कमधून दाबाने श्वास देणाऱ्या मशीनवर) ठेवून पाहावे. तो टिकत नसेल, तर खाटेवरच नळी घालून निघायचे का, हे डॉक्टरांनी तिथेच ठरवावे.

पोहोचल्यावर

गाडीतून उतरण्याआधी छोटा सिलिंडर उघडून मशीन त्यावर घ्यावे, काटा पाहावा आणि मगच मोठ्या सिलिंडरची नळी काढावी. आयसीयूत खाटेजवळ पोहोचल्यावरही घाई नको. तिथला व्हेंटिलेटर भिंतीतल्या ऑक्सिजनला जोडलेला आहे, सुरू आहे आणि आपल्या रुग्णाचे सेटिंग त्यावर भरलेले आहे, हे स्वतः पाहिल्याशिवाय आपले सर्किट सोडू नये. रुग्ण त्यांच्या मशीनवर स्थिर झाल्यावर, फोनवर सांगितली होती तीच माहिती त्याच क्रमाने पुन्हा सांगावी. वाटेत काय झाले तेही सांगावे, आपल्याकडून काही चुकले असेल तर तेसुद्धा. पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदींचा कागद त्यांच्या फाइलला लावावा. वीस मिनिटे ते अर्ध्या तासाने त्यांचा एबीजी येईल, शक्य असेल तर तो पाहूनच निघावे.

परत आल्यावर सिलिंडरच्या चाव्या बंद करून रेग्युलेटरमधला वायू सोडून द्यावा, उरलेले किलो मार्करने चिकटपट्टीवर लिहून ती सिलिंडरच्या खांद्याला लावावी आणि पन्नासच्या खाली आलेला सिलिंडर रिकाम्यांच्या रांगेत ठेवावा. वापरलेले सर्किट टाकून मशीनला नवे लावावे, सेटिंग पुसून टाकावे, पिशवीतून काढलेली प्रत्येक वस्तू परत भरावी. शेवटी मशीनची वायर सॉकेटला लावून चार्जिंगचा दिवा लागेपर्यंत तिथे उभे राहावे, कारण पुढचा फोन पहाटे चारलाही येऊ शकतो.